आधी पाऊल, मग मात्रा

१. लय उपजतच असावी लागते का?

मूल वर्षभर गाण्याच्या क्लासला गेलं की पालक हमखास एक प्रश्न विचारतात. ‘गळा चांगला आहे म्हणता, मग तालात का बसत नाही? लय उपजतच असावी लागते का?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याला मिळणारी दोन ठरावीक उत्तरं फारशी कामाची नाहीत. एक उत्तर, ‘ते अंगातच असावं लागतं.’ दुसरं, ‘तबल्याचं ॲप लावून रोज अर्धा तास बसवा, येईल आपोआप.’ पहिल्या उत्तराने विषयच संपतो. दुसऱ्यात असं गृहीत धरलेलं असतं की बाहेरचा ठोका पुरेसा वेळ कानावर पडत राहिला की तो आत मुरतो. तसं असतं तर दिवसभर गाणी लावणाऱ्या घरांतली सगळीच मुलं तालाला पक्की झाली असती.

तालात न बसणं म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा जवळून पाहू. समजा, आठ-नऊ वर्षांची मुलगी केरव्यातलं एखादं भावगीत म्हणते आहे. ओळ बरोबर उचलते, सूरही नीट लावते. ओळ संपते तिथे दोन मात्रांची मोकळी जागा आहे. ती तबल्याने भरायची आणि मग पुढची ओळ यायची. मुलगी थांबत नाही. शब्द संपले म्हणजे आपलं काम संपलं, असं समजून ती पुढची ओळ लगेच सुरू करते आणि तबला दोन मात्रा मागे राहतो. ‘मात्रा खाल्लीस,’ बाई म्हणतात. मग ती बोटांवर मोजायला लागते. आता मात्रा बरोबर येतात, पण सगळं लक्ष आकड्यांकडे गेल्यामुळे गाणं कोरडं पडतं. हीच मुलगी गणपतीच्या आरतीला टाळ घेऊन उभी राहते तेव्हा तिचा एकही ठोका चुकत नाही. शेवटाकडे आरतीची लय वाढते. ‘आता वाढवा’ असं कुणी सांगत नाही, तरी सगळ्यांबरोबर तिचेही हात वाढत्या लयीत पडतात. दोन कडव्यांच्या मध्ये गाणारे श्वास घेतात तेव्हा तिचा टाळ थांबत नाही. म्हणजे मोकळी जागा सांभाळणं तिला येतं. ते तिच्या दंडांना येतं, एवढंच. गाताना त्याचा उपयोग करायचा असतो, हे तिला कुणी दाखवलेलं नसतं.

या प्रकरणातला मुद्दा इथूनच सुरू होतो. लय आधी स्नायूंना कळते आणि मात्रांची मोजणी ही तिची मागाहून केलेली नोंद आहे. शिकवताना हा क्रम उलटा झाला की हुशार मुलंही अडखळतात. पण ‘मग मुलांना नाचू द्या, लय येईल’ असा सोपा निष्कर्ष काढायची घाई नको. कोणती हालचाल लय शिकवते आणि कोणती नुसती करमणूक करते, यात मोठा फरक आहे. तो फरक ज्याने आयुष्यभर तपासला त्या माणसाकडे आधी जाऊ.

२. जिनिव्हातले शिक्षक

एमील जाक-दालक्रोझ यांचा जन्म १८६५ मध्ये व्हिएन्नात झाला. आईवडील स्विस. जिनिव्हा, पॅरिस आणि व्हिएन्ना इथे त्यांचं संगीतशिक्षण झालं आणि तरुणपणी ते अल्जियर्समधल्या एका नाट्यगृहात वाद्यवृंद चालवायला गेले. तिथल्या अरबी संगीतात त्यांना असे ताल ऐकायला मिळाले, ज्यांत ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं. युरोपातल्या विद्यालयांत दोन, तीन, चार अशा सरळ गटांपलीकडे फारसं काही शिकवलं जात नसे, त्यामुळे हा अनुभव त्यांच्या मनात राहिला. १८९२ मध्ये ते जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची मांडणी, हा विषय शिकवायला लागले.

तिथे त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. विद्यार्थी कागदावर नियमाप्रमाणे अचूक स्वरमेळ लिहीत होते, पण लिहिलेलं कानाला कसं लागेल हे त्यांना सांगता येत नव्हतं. पियानोवर त्यांची बोटं सफाईने धावत, पण लय मात्र स्थिर नसे. सोपा भाग आला की पळायची, अवघड आला की रेंगाळायची. आणि हेच विद्यार्थी रस्त्याने चालताना एकसारख्या लयीत चालत. दालक्रोझ यांनी यावरून जो निष्कर्ष काढला तो त्या काळात धाडसाचा होता. शिक्षणाची वाट डोळ्यांकडून थेट बोटांकडे जाते आहे, कान आणि उरलेलं शरीर दोन्ही तिच्या बाहेर आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी विद्यार्थ्यांना बाकांवरून उठवलं. आधी गाता गाता हातांनी ताल दाखवायला लावला, मग चालायला लावलं. ते स्वतः पियानोवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवत आणि विद्यार्थ्यांनी जे ऐकू येईल ते पावलांनी करायचं. यातून जी पद्धत तयार झाली तिला पुढे युरिदमिक्स हे नाव मिळालं. १९०५ मध्ये सोलोथर्न इथे स्विस संगीतकारांच्या संमेलनात तिचं प्रात्यक्षिक झालं. जिनिव्हातल्या सनातनी मंडळींना मात्र मुलींचे अनवाणी पाय आणि उघडे दंड यांचाच जास्त त्रास झाला.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १९१० मध्ये वोल्फ डोर्न या जर्मन गृहस्थांनी त्यांना ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ या नव्या उद्यान-वसाहतीत बोलावलं आणि हाइनरिश टेसनाव या वास्तुकाराने त्यांच्यासाठी तिथे भव्य इमारत बांधली. १९१२ आणि १९१३ चे तिथले महोत्सव पाहायला युरोपभरातून लोक आले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. फ्रान्समधल्या रॅन्सच्या कॅथेड्रलवर जर्मन तोफा चालल्या, त्याच्या निषेधपत्रावर दालक्रोझ यांनी सही केली आणि जर्मनीचं दार त्यांना बंद झालं. १९१५ मध्ये त्यांनी जिनिव्हातच स्वतःची संस्था काढली. ती आजही चालू आहे. दालक्रोझ १९५० मध्ये वारले.

हेलेराऊच्या काळातली एक घटना आपल्या मुद्द्यासाठी फार मोलाची आहे. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ हे बॅले बसवलं जात होतं. त्यात ठोक्यांचे गट ओळीओळीला बदलतात. आत्ता तीन, लगेच पाच, मग दोन. नृत्यदिग्दर्शक निजिन्स्की आणि त्याचे नर्तक म्हणजे रशियन बॅलेचा कळस, शरीरावर असा ताबा असलेली माणसं तेव्हा दुसरी नसतील. तरीही त्यांना ही लय पेलेना. अखेर या बॅले कंपनीचे चालक दियागिलेव्ह यांनी हेलेराऊहून दालक्रोझ यांची विद्यार्थिनी मारी रॅम्बेर हिला बोलावलं आणि ती या कसलेल्या नर्तकांना लय समजावून द्यायला लागली. नर्तकांनी तिला ‘रिदमिच्का’ असं टोपणनावही ठेवलं. आता यातून काय दिसतं? शरीर तयार असलं म्हणजे लय येतेच असं नाही. त्या नर्तकांच्या हालचाली सुंदर होत्या, पण त्या पाठ केलेल्या आकृत्या होत्या. रॅम्बेरला जे येत होतं ते वेगळं होतं. कानावर पडणाऱ्या प्रत्येक बदलाला तिचं शरीर तिथल्या तिथे जबाब देत होतं.

३. दोन टाळ्यांच्या मध्ये काय असतं?

मात्रा म्हणजे ठोका असं आपण सहज म्हणतो, पण ठोका हा क्षण आहे आणि लय ही दोन क्षणांमधल्या अंतरात असते. लहान मुलाला झोका देणारी आई आठवा. ती सेकंद मोजत नाही. झोका मागे येताना ती त्याचा वेग पाहते, हात आधीच पुढे आणते आणि नेमक्या जागी ढकलते. झोका पूर्ण मागे आल्यावर हात उचलला असता तर उशीर झाला असता. तालाचंही तसंच. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा-सहावा भाग लागतो. म्हणजे ठोका ऐकून मग टाळी द्यायची म्हटलं तर ती कायम मागेच पडेल. प्रत्यक्षात माणसाला मेट्रोनोमबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक वेळा बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं. आपण ठोक्याच्या मागून जात नाही, त्याची वाट अडवून उभे असतो. आणि पुढचा ठोका कधी येणार हे ठरवण्यासाठी मधल्या वेळात काहीतरी चालू असावं लागतं.

इथे बोट आणि पाय यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सेकंदाला एक, अशा लयीत टेबलावर बोट आपटून पाहा. बोट पडतं आणि पडून राहतं. मधल्या वेळात काहीच घडत नाही, म्हणून ती वेळ मनातल्या अंदाजावर काढावी लागते. आता त्याच लयीत चालून पाहा. आपली नेहमीची चाल मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलांची असते. साठला यायचं तर एक पाय बराच वेळ हवेत धरावा लागतो, अंगाचा भार दुसऱ्या पायावर हळूहळू सोडावा लागतो, तोल सांभाळावा लागतो. मधला वेळ आता रिकामा राहत नाही. भार सरकतो आहे, मांडीला ते जाणवतं आहे, आणि पाऊल टेकण्याची वेळ त्या सरकण्यातूनच ठरते. दालक्रोझ यांचा सगळा भर यावर होता. वेळ, जागा आणि जोर ही तीन एकमेकांत गुंतलेली आहेत, असं ते सांगत. लय दुप्पट करायची तर पाऊल लहान घ्यावं लागतं, नाहीतर जोर वाढवावा लागतो. हे चालणाऱ्याला न सांगता कळतं. कागदावर मात्र दुगुन म्हणजे ‘एका मात्रेत दोन’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यात शरीराला उमगण्यासारखं काही नसतं.

ओळ संपल्यावर मात्रा खाणाऱ्या मुलांची अडचण आता नीट सांगता येते. गाताना त्यांचं हालतं ते फक्त तोंड. शब्द संपले की हालणारं काही उरत नाही आणि उरलेल्या दोन मात्रांना आधारच राहत नाही.

४. बाळाला हलवलं तेव्हा

शरीराच्या हालचालीने ऐकणं खरोखर बदलतं का, की हा नुसता तर्क आहे? २००५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा, सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सात महिन्यांच्या बाळांना एक ताल ऐकवला. त्यात सहा ठोक्यांचं आवर्तन होतं, पण कोणत्याच ठोक्यावर जोर नव्हता. सहाचे गट दोन प्रकारे पडतात. दोन-दोन-दोन असे, किंवा तीन-तीन असे. आपला दादरा दुसऱ्या प्रकारचा. जोर नसल्यामुळे बाळ ऐकत होतं तो ताल दोन्हीपैकी कुठलाही मानता आला असता. ऐकताना काही बाळांना मांडीवर किंवा हातांवर दर दुसऱ्या ठोक्याला हलवलं, काहींना दर तिसऱ्या. त्यानंतर त्यांना त्याच तालाची दोन रूपं ऐकवली, आता जोरासकट. ज्यांना दुसऱ्या ठोक्याला हलवलं होतं ती बाळं दोन-दोनचं रूप जास्त वेळ ऐकत राहिली आणि तिसऱ्याला हलवलेली बाळं तीन-तीनचं. डोळे बांधून प्रयोग केला तरी निकाल तोच आला. पण बाळाने फक्त दुसऱ्या माणसाला हलताना पाहिलं, तर परिणाम झाला नाही.

यातली शेवटची दोन वाक्यं शिक्षकांनी पुन्हा वाचावीत अशी आहेत. डोळ्यांची गरज लागली नाही आणि नुसते डोळे पुरेसे ठरले नाहीत. कानावर पडलेला आवाज दोन्ही गटांतल्या बाळांना तोच होता, पण आपलं अंग जसं हललं तसा त्याचा ताल ठरला. मोठ्या माणसांच्या मेंदूच्या चित्रणातूनही याला जोड मिळते. २००७ मध्ये जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी दाखवलं की नियमित ठोका असलेला ताल माणूस हालचाल न करता ऐकतो तेव्हाही मेंदूतले हालचालींची आखणी करणारे भाग जास्त सक्रिय होतात. पाय जागचा हलत नाही, पण पायाची तयारी आत झालेली असते.

यावर एक चांगला आक्षेप आहे. २००९ मध्ये हंगेरीत इश्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या अर्भकांना ताल ऐकवला आणि मधूनच मुख्य ठोका गाळला. मेंदूच्या विद्युतलहरींवरून दिसलं की ठोका गाळल्याचं त्यांच्या लक्षात येतं. जे बाळ अजून मानही धरत नाही त्याला ताल कळतो, मग शरीराची सक्ती कशाला? पण दोन्ही प्रयोग एकमेकांना खोडत नाहीत. ठोका चुकल्याचं लक्षात येणं ही क्षमता उपजत दिसते, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं ते अर्धं उत्तर आहे: लय बहुतेक सगळ्यांनाच जन्मतः मिळालेली आहे. मात्र तोच ताल कसा बांधायचा, कुठे सम मानायची, मोकळी जागा कशी सांभाळायची, हे पुढचं काम आहे, आणि ते काम अंग करतं.

५. वर्गात काय करतात

दालक्रोझ यांच्या पद्धतीत तीन अंगं आहेत: हालचालीतून लय, स्वरांची कानाला ओळख, आणि वाद्यावर आयत्या वेळी केलेली रचना. आपण पहिल्याकडेच पाहू. सगळ्यात साधा धडा असा असतो. शिक्षक पियानो वाजवतात, मुलं खोलीभर चालतात. शिक्षक ‘हॉप’ म्हणाले की ठरलेला बदल त्याच क्षणी करायचा. उलट्या दिशेने चालायचं, किंवा दुगुनीत जायचं. थोड्या वेळाने ‘हॉप’ बंद होतं आणि पियानोच्या सुरांतूनच इशारा येतो. दुसरा धडा थांबण्याचा. चार मात्रा चालायचं, चार मात्रा पुतळा होऊन उभं राहायचं, नवव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या चारांतल्या पहिलीला, सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. थांबलेल्या चार मात्रांत पियानोही गप्प असतो. मूल पहिल्या काही वेळा लवकर सुटतं किंवा शेजाऱ्याकडे बघतं. मग हळूहळू त्याच्या अंगातच ती चार पावलं चालू राहतात. मात्रा खाण्यावर याहून थेट औषध नाही.

त्यापुढचा धडा मोठ्यांनाही घाम फोडतो. शिक्षक चार मात्रांचा एक तुकडा वाजवतात. विद्यार्थी तो ऐकून घेतात आणि पुढच्या चार मात्रांत पावलांनी करतात. पण त्याच वेळी शिक्षक दुसरा तुकडा वाजवत असतात, आणि तोही ऐकून लक्षात ठेवायचा असतो. पाय मागच्या तुकड्यात, कान पुढच्यात. इथे नक्कल करायला जागाच नाही, कारण शेजारी जे ऐकतो आहे ते आत्ता करत नाही.

एक प्रकार घरीच करून पाहता येईल. एक ते सहा आकडे सावकाश म्हणा. पाय एक आणि चारवर टेकवा. हातांची टाळी एक, तीन आणि पाचवर द्या. क्रम असा येईल: दोन्ही, हात, पाय, हात. आता आकडे सोडून द्या आणि हा क्रमच चालू ठेवा. पायांच्या दोन मात्रांत हातांच्या तीन बसल्या, म्हणजे आड लय झाली. गणित करून आड लय समजवायला फळा भरतो. ‘दोन्ही, हात, पाय, हात’ हे चार-पाच मिनिटांत अंगवळणी पडतं, आणि मग गणित समजून घ्यायला काहीतरी हाताशी असतं.

६. मग आपण हातावर ताल देतो ते काय?

इथे कुणीही संगीत शिकलेला वाचक म्हणेल की हे आपल्याकडे कधीपासूनच आहे. बरोबर आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्यावर खाली, हे हातावर देत बोल म्हणणं हा आपल्या शिक्षणाचा पायाच आहे. कर्नाटक संगीतात तर आदितालाच्या आठही घटकांना हाताची वेगळी क्रिया आहे: एक टाळी आणि तीन बोटं, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. कथकात पढंत आहे; बोल हातावर ताल धरून आधी तोंडाने म्हणायचे, मग पायांत आणायचे. तबल्यातही बोल आधी जिभेवर बसतो. खालीला हात बाजूला नेण्याची आपली रीत तर मधल्या वेळालाही हालचाल देते.

पण परंपरेत असणं आणि वर्गात होणं या दोन गोष्टी आहेत. परीक्षेच्या तयारीत टाळी-खाली हे पाठांतर होऊन बसतं. ‘झपतालाच्या टाळ्या किती, खाली कुठे’ याचं उत्तर मूल घडाघडा देतं, बोल म्हणताना हातही बरोबर हलवतं, आणि बंदिश सुरू झाली की हात मांडीवर विसावतो. हात तालाचं उत्तर सांगत होता, ताल धरत नव्हता. शिवाय हाताला अंगाचा भार पेलायचा नसतो. म्हणून हाताच्या आधी, निदान लहान मुलांसाठी, पाय आणायला हरकत नसावी.

झपताल चालून पाहू. दहा मात्रा, खंड दोन-तीन-दोन-तीन. उजव्या पायाने सुरुवात करा आणि प्रत्येक खंडाला दिशा बदला. उजवा, डावा, वळा, उजवा, डावा, उजवा, वळा. आता सहावी मात्रा, म्हणजे खाली, डाव्या पायावर आली. सुरुवातीच्या पाच मात्रा विषम असल्यामुळे आवर्तनाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याचा आरसा होतो. उजव्याचं काम डावा करतो. दहावी मात्रा डाव्यावर संपते आणि सम पुन्हा उजव्यावर. रूपक चाला, सात मात्रा, तीन-दोन-दोन. इथे सम एकदा उजव्यावर, पुढच्या आवर्तनात डाव्यावर. विषम मात्रांचा ताल थोडा लंगडा का वाटतो, हे मुलाला शब्दांत सांगावं लागत नाही. समेला कोणता पाय आला ते त्याला कळतं, आणि मात्रा खाल्ली तर चुकीचा पाय पुढे येऊन चूक तिथेच उघडी पडते.

मग लेझीम, झिम्मा, वारीतली पावली? यांतूनही लय अंगात येते यात शंका नाही. तरी एक भेद मानला पाहिजे. पावली आणि लेझीम यांत हालचालींचा क्रम ठरलेला असतो आणि शेजाऱ्याबरोबर राहून तो निभावतो. समूहाचा आनंद त्यातच आहे. पण समूह मुलाला सांभाळून नेतो म्हणूनच एकट्याने गाताना ते उघडं पडतं. शाळेच्या लेझीम पथकात वर्षानुवर्षं असलेली मुलं एकट्याने ताल सोडू शकतात, त्याचं कारण इथे आहे. मृदंगाने पावलीत मध्येच ठेका बदलला आणि पाय त्याच्याबरोबर बदलले, तर त्या क्षणी ती पावली दालक्रोझच्या धड्यासारखीच शिकवते.

७. काही आक्षेप

गाण्याचे जुने गुरू ‘पाय हलवू नकोस’ म्हणून दटावतात. पाय हलवत गाणं ही कुबडी आहे, ती लागली की सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण कुबडी आणि व्यायाम यांत फरक हा की व्यायाम नंतर थांबवायचा असतो. दालक्रोझ यांच्या धड्यांत थांबण्याला, हालचाल अडवून आतल्या आत चालू ठेवण्याला, जेवढं महत्त्व आहे तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. गाताना हलणारा पाय बहुतेक वेळा तबल्याच्या मागे मागे जात असतो. त्याला हलायला शिकवलेलं नसतं, म्हणूनच त्याला थांबताही येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ख्यालाच्या अतिविलंबित लयीत बारा मात्रांचा एकताल एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट घेतो. एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. त्यावर पाऊल काय टाकणार? दोन ठोक्यांमध्ये दोनेक सेकंदांहून जास्त अंतर पडलं की माणसाला ते सलग लय म्हणून जाणवेनासं होतं. म्हणूनच तबलजी मात्रेच्या आत भरणा करतो आणि गवई त्या आतल्या चलनावर राहतो. चालायचंच तर मात्रेच्या चौथ्या हिश्श्यावर चालता येईल, पण तिथे या पद्धतीची मर्यादा मान्य करावी हे बरं. विलंबितातला स्वरविस्तार ठोक्यांना बांधलेला नसतो. तो ठोक्यांच्या वरून वाहतो आणि समेला भेटतो. पावलांची शिस्त तिथे अती झाली तर गाणं चौकोनी होईल. मध्यलय आणि द्रुत लय, लहान मुलं आणि वाद्य शिकणारे, हे या पद्धतीचं घर आहे. तिथे ती भक्कम आहे.

तिसरं, हे फक्त मुलांसाठी का? जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या, पडण्याचा धोका असलेल्या १३४ लोकांवर एक अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एक तास, सहा महिने, पियानोवर चालण्याचे हेच धडे. शिकणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण तोवर धडे न घेतलेल्या दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही खाली आलं. हा पुरावा तोल आणि चालीबद्दल आहे. त्याच्या आधाराने ‘दालक्रोझ केलं की गाणं सुधारतं’ असं कुणी म्हणू लागलं तर ते ऐकू नये. पण कान आणि पाय यांची सांगड उतारवयातही नव्याने घालता येते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

८. शिक्षकाला काय लागेल

मोठा हॉल लागतो, ही सबब खरी नाही. सतरंजी गुंडाळली तर दहा बाय बाराच्या खोलीत सहा मुलं गोल चालू शकतात. खरी अडचण शिक्षकाची आहे. या पद्धतीत शिक्षकाला मुलांकडे बघत वाजवता आलं पाहिजे. कुणाची लय पळते आहे ते पाहून ठेका सैल करायचा, सगळे सरावले असं दिसलं की न सांगता बदलायचा. म्हणूनच ध्वनिमुद्रित ठेका किंवा ॲप इथे चालत नाही. ॲपला मूल दिसत नाही, आणि जे कधीच बदलत नाही त्याला जबाब द्यावा लागत नाही. त्याची फक्त सवय होते. आपल्याकडे पियानो नसला तरी पेटी आणि तबला आहे, आणि दोन्हीवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं ही आपल्या शिक्षकांना परकी गोष्ट नाही. पहिल्या दिवशी मुलाला आपल्या चालीने चालू द्यावं आणि तबल्याने त्याच्या पावलांना धरावं. लय त्याची, ठेका आपला. दोन-तीन वेळा हे झालं की ठेका किंचित उतरवून पाहावा आणि पाय पाठोपाठ येतात का, की आपल्याच वाटेने जातात, ते बघावं. येत नसतील तर पुन्हा त्याच्या चालीवर जावं आणि उतार आणखी कमी ठेवावा. टाळी-खाली, खंड, मात्रांचे आकडे हे सगळं फळ्यावर यायला महिनाभर उशीर झाला तरी बिघडत नाही.